प्यालेले पाणी

“सर, तुम्ही सांगा ना त्याले. तुमनं तो आयकी,” रंजना अविनाशरावांना हात जोडून म्हणाली.

न्यायालयाच्या ओसरीतील बाकावर तिचा नवरा लोटू मान खाली घालून बसला होता. बमरोलीच्या एका कारखान्यात तो यंत्रमाग दुरुस्त करीत असे. दुरुस्तीनंतर त्याने माग सुरू केला, आणि पलीकडे वाकलेल्या दगा नावाच्या कामगाराचा गमछा पट्ट्यात ओढला गेला. दगा वाचला नाही. पट्ट्यावरची जाळी मालकाने केव्हाच काढून टाकली होती. आरोपी मात्र एकटा लोटू होता.

रंजना अविनाशरावांकडे स्वयंपाक करी. त्यांनी उभे आयुष्य विधी महाविद्यालयात न्यायतत्त्वज्ञान शिकवले होते. लोटूचा वकील पराग त्यांचाच विद्यार्थी.

“लोटूभाऊ, साहेब गुजरातीत विचारतील, गुनो कबूल छे? तुम्ही फक्त ‘ना’ म्हणायचं,” पराग बजावत होता. “जाळीचं मी बघतो.”

“ना कसं म्हनू? मी तिना घरनं पानी पिधेल शे.”

दगाचे दिवस झाल्यावर लोटू त्याच्या उंबऱ्याबाहेर जाऊन बसला होता. आपल्या हातून झाले, एवढेच तो बोलला. दिवस कलला तेव्हा दगाची बायको रुक्मिणी हिने पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला. त्यांच्या भावकीत असे पाणी देणाऱ्याने पुढे वैर धरायचे नसते आणि पिणाऱ्याने शब्द फिरवायचा नसतो.

“लोटू,” अविनाशराव सावकाश म्हणाले, “इथे ‘ना’ म्हणजे खोटं नव्हे. ‘सिद्ध करा’, एवढाच त्याचा अर्थ.”

“ती समोर बसेल ऱ्हाई, सर. तिले बी असाच अर्थ लागी का?”

मनुष्य उपजत हिंस्र आहे, दंडाच्या भयानेच तो आवरतो, असे एक मत. तो मुळात सज्जन आहे, संगतीने बिघडतो, असे दुसरे. दरवर्षी ही दोन्ही मते अविनाशराव वर्गात फळ्यावर समोरासमोर मांडीत, आणि शेवटी मोठ्या समाधानाने सांगत, की कायदा या वादात पडत नाही. स्वतःचा लाभ व हानी जाणणारा मनुष्य तो गृहीत धरतो. आज तो फळा त्यांना डोळ्यांपुढे दिसत होता, आणि त्यावर लोटूला बसवायला जागा सापडत नव्हती.

पुकारा झाला.

न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला. कबुली दिल्यास कैद होऊ शकते, हेही त्यांनी समजावले. लोटूने मागच्या बाकावरच्या रुक्मिणीकडे एकवार पाहिले.

“हा, साहेब. मी मारं त्याले.”

“साहेब, एने समज नथी पडती,” पराग घाईने उठला.

“माले समजस, वकीलसाहेब,” लोटू शांतपणे म्हणाला.

दीड वर्षाची कैद झाली.

ओसरीत शिपाई त्याला घेऊन निघाला, तेव्हा रुक्मिणी पाण्याची बाटली उघडून आडवी आली. शिपाई थांबला. लोटूचे ओठ सुकले होते, तरी त्याने मान हलवली.

“ऱ्हाऊ दे, बहिन. तुनं पानी मी कव्हाच पिधं.”

शिपायामागून तो जिना उतरला. रंजना बाकावर बसली. थोड्या वेळाने रुक्मिणीही तिच्याशेजारी येऊन बसली. अविनाशराव उभेच होते. दोघींच्या मध्ये ती भरलेली बाटली होती, आणि तिला झाकण लावायचे कुणाला सुचले नव्हते.