बोटभर जाड

मोनाने वजनकाट्याचा हूक बॅगेच्या मुठीत अडकवला आणि दोन्ही हातांनी बॅग फरशीवरून उचलली. काट्यावरचे आकडे थोडे नाचले आणि थांबले.

"आठ किलो तीनशे."

"मघाशी सात हुती की," चन्नम्मा म्हणाली.

"मग मघापासनं तुमी परत कायतरी घातलंसा, काकी. सातच्या वर चालत न्हाय."

चन्नम्माने मुकाट्याने चेन उघडली आणि टॉवेलाखालून नाचणीच्या पिठाचा डबा बाहेर काढला. सकाळपासून ही तिसरी खेप. ती डबा लपवत होती आणि मोना तो पकडत होती. बंगळूरमध्ये नाचणी पोत्यांनी मिळते हे चन्नम्माला ठाऊक होतं, पण घरचं काहीतरी लेकीबरोबर जावं एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते तिला कुणाला सांगता येत नव्हतं.

खरं तर विमानात दोन माणसांना दोन बॅगा नेता येतात. पण तिच्या नवऱ्याला, रामलिंगला, हात दोनच होते आणि ते दोन्ही पोरीला लागणार होते. म्हणून पाठीवरची एकच बॅग. तिच्यात लाळ ओढायचं मशीन, त्याची बॅटरी, औषधं, जाडजूड फाईल आणि दोन जोड कपडे. उरलेल्या जागेत मोनाने पुण्याहून येताना आणलेल्या वस्तू. विमानात बरं वाटावं म्हणून लोक काय काय नेतात, ते सगळं तिने फोनवर वाचून काढलं होतं. गळ्याभोवतीची उशी, कानातले बोळे, घट्ट पायमोजे, फोन चार्ज करायची बॅटरी आणि डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी. बालमैत्रिणीसाठी दुसरं काय करता येईल हे तिला सुचलं नव्हतं.

"ही पट्टी ठेवू का गं?" तिने विचारलं.

विद्याश्री भिंतीलगतच्या खुर्चीत सगळ्या बाजूंनी उशा लावून बसली होती. ती बोलली, पण शब्द नाकातून आले आणि हळू आले.

"कशाला? माझं शटर आपोआप पडतंय की."

मोना हसली आणि मग पटकन बॅगेवर वाकली.

सात महिन्यांपूर्वी पहिल्यांदा विद्याश्रीच्या पापण्या पडायला लागल्या, तेव्हा घरात सगळ्यांनी तिला झोपाळू म्हणून चिडवलं होतं. मग घास गिळेना. मग मान. विसाव्या वर्षी पोरीची मान तान्ह्या बाळासारखी ज्या बाजूला सोडावी त्या बाजूला पडू लागली. सोमवारी डॉक्टरांनी रामलिंगला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की दुखणं आता श्वासाच्या स्नायूंपर्यंत जाईल, त्याच्या आत तिला बंगळूरला पोहोचवा. तिथल्या इस्पितळात शुक्रवारी खाट मिळणार होती. आज शुक्रवार होता. आडवं केलं की तिला श्वास पुरत नव्हता आणि गाडीत बसवून बारा तास नेलं तर मान धक्के सोसणार नव्हती. राहिलं विमान, दीड तासाचं. त्यातही दोनच जागा मिळाल्या. रामलिंग तिला उचलू शकत होता म्हणून तो जाणार होता. चन्नम्मा दुपारच्या बसने मागून निघणार होती.

आणि विमान कंपनीची एक अट होती. विमान उडताना आणि उतरताना पेशंट सरळ बसला पाहिजे, मान कुणी हाताने धरून चालणार नाही. डॉक्टरांनी दिलेला गळपट्टा लावला की दहा मिनिटांत लाळ घशात साचायची आणि ती घुसमटायची. मोनाने आणलेली उशी रामलिंगने कालच अंगठ्याने दाबून पाहिली होती. अंगठा काढल्यावर खड्डा तसाच राहिला.

"हे उठतच न्हाय," तो म्हणाला होता. "असला माल मी खुर्चीच्या बुडाला बी लावत न्हाय. मी करतो की."

तो तसं म्हणणारच होता. उद्यमनगरात अठ्ठावीस वर्षं ट्रकच्या सीट बनवणारा माणूस लेकीची मान दुकानातल्या उशीवर कशी सोडेल? त्याच्या सीटवर बसून ड्रायव्हर कन्याकुमारीपर्यंत जाऊन आले होते. नवी सीट घेताना ते कुरकुरायचे, की टोचती, वर उचलती. रामलिंग ऐकून घ्यायचा आणि सगळ्यांना एकच सांगायचा. आठ दिवस कळ काढा, दबंल. फोम तो नेहमी मापापेक्षा बोटभर जाड घालायचा, कारण पहिल्या दिवशी मऊ लागणारी सीट सहा महिन्यांत पाट होते. गिऱ्हाईक शिव्या देत जायचं आणि चार वर्षांनी दुसरी गाडी घेऊन यायचं.

आता तो घरामागच्या शेडमधून आत आला तेव्हा त्याच्या हातात निळ्या रेक्झिनची वस्तू होती. पाठीमागे उंच, खांद्यांवरून पुढे येणारी, दोन्ही बाजूंनी हनुवटीखाली वळणारी. कडेने दुहेरी मेणदोऱ्याची शिलाई. वस्तू देखणी होती, यात वाद नाही.

"लावून तरी बघा एकदा," चन्नम्मा म्हणाली.

रामलिंगने घड्याळ बघितलं.

"दोनदा माप घेतलंय मी. अठ्ठावीस वर्षांत एक बी सीट माघारी आलेली न्हाय."

मग मशीन लावून विद्याश्रीची लाळ ओढावी लागली आणि त्यातच वीस मिनिटं गेली. लावून बघायचं राहूनच गेलं. निघताना रामलिंगने सवयीने खिशात ठेवलेला ब्लेडचा तुकडा मोनाने काढून घेतला.

"धारेचं कायबी चालत न्हाय, काका. सुई सुदिक न्हाय."

उजळाईवाडीच्या विमानतळावर काचेच्या दारापाशी चन्नम्माला थांबावं लागलं. तिने लेकीच्या कपाळावर विभूती लावली आणि तिचं डोकं, जे ती गाडीतून उतरल्यापासून तळहातावर तोलून धरत होती, ते रामलिंगच्या तळहातावर दिलं. एका हातातून दुसऱ्या हातात. तिचा हात रिकामा झाला आणि तिला तो कुठे ठेवावा हे कळेना.

"पोचलासा की फोन करा," एवढंच ती म्हणाली.

आत चाकाची खुर्ची ढकलायला विमान कंपनीची एक मुलगी आली. तिशीच्या आतली, केस घट्ट बांधलेले. तपासणी झाली. जवानाने निळी वस्तू उलटसुलट करून पाहिली, यंत्रातून घातली आणि परत दिली. रामलिंगला मनातून बरं वाटलं. गेटजवळ आल्यावर मुलीने कागद काढला.

"काका, आता हे बसवा. दहा मिनिटं मान आपली आपण राहिली पाहिजे. आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या मशीनवर डॉक्टरांनी कमीत कमी ब्याण्णव लिहिलंय. त्याच्या खाली आकडा गेला तर मला सोडता येणार नाही."

"ऱ्हाती की. बघा तुमी."

त्याने विद्याश्रीला चाकाच्या खुर्चीच्या उंच पाठीला सरळ टेकवलं, पट्टे खांद्यांवरून घेऊन बांधले आणि तळहात हळूच काढून घेतला. मान पडली नाही. त्याने मुलीकडे पाहिलं. मग त्याला श्वासाचा आवाज ऐकू आला, नळात अडकलेल्या पाण्यासारखा.

मागचा फोम डोकं पुढे ढकलत होता. थोडंसंच, बोटभर. पण तेवढ्याने हनुवटी छातीला टेकली होती आणि गळा दुमडला होता. चौऱ्याण्णव. रामलिंगने मागून फोमवर अंगठ्याने जोर दिला. फोम खाली गेला आणि पुन्हा वर आला, चांगला फोम येतो तसा. त्र्याण्णव. विद्याश्रीची नजर वर वळली आणि त्याला शोधू लागली.

"काका, हे जाड झालंय," मुलगी म्हणाली.

"दबंल," रामलिंगच्या तोंडून गेलं. "आठ दिवसांत दबंल."

ते शब्द त्याचे त्यालाच ऐकू आले. त्याने घाईने लेकीचं डोकं पुन्हा तळहातावर घेतलं. आठ दिवस कुणाकडे होते? ही वस्तू दीड तास टिकली तरी पुरे होती. आणि त्याने ती वर्षानुवर्षं टिकावी अशी केली होती.

"कात्री द्या. लगीच नीट करतो."

"आत कात्री कुणाकडंच नसते, काका."

"मग दारावर जाऊन आणतो."

"बोर्डिंग सुरू झालंय. पंधरा मिनिटांत दार बंद होईल. तोवर नाही झालं तर," ती थांबली. "पुढचं विमान उद्या."

उद्या म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. रामलिंगला होतं.

"जरा हिचं डोकं धरा," तो म्हणाला आणि त्याने पट्टे सोडले.

मुलीने कागद बाकावर टाकला आणि दोन्ही हातांनी विद्याश्रीचं डोकं धरलं. रामलिंग खाली फरशीवर बसला, निळी वस्तू मांडीवर घेतली आणि कडेची शिलाई दातांत धरली. ट्रक उलटला तरी माझी शिलाई उसवत नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. खोटं सांगत नव्हता. मेणदोरा दातांवरून घसरत राहिला. त्याने दाढेखाली धरून हिसका दिला. रेक्झिनवर रक्त आलं, पण दोरा होता तिथेच होता. रांगेतले लोक बघत होते. एक माणूस लहान मुलाला दुसरीकडे वळवून उभा राहिला. अठ्ठावीस वर्षांत रामलिंगने स्वतःच्या कामाला कधी शिवी दिली नव्हती. आज त्याने दिली, मोठ्याने, आणि मग त्याला रडू फुटलं. तो रडत रडतच चावत राहिला.

"काका. ओ काका." मुलीचा आवाज बदलला होता. "माझ्या छातीवरची पाटी काढा. तिला मागं पिन हाय बघा."

त्याने वर पाहिलं. तिचे दोन्ही हात विद्याश्रीच्या डोक्याला होते. त्याने संकोचत तिच्या कोटावरची नावाची पाटी सोडवली. संयोगिता. पिन बारीक होती, पण गाठ कुठे आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याने पिनेचं टोक गाठीच्या पोटात घातलं आणि ती उचलली. एक टाका निघाला. मग दुसरा. मग त्याने बोटं आत घालून शिलाई टरटरा उसवली आणि फोम नखांनी ओरबाडायला लागला. पापुद्र्यापापुद्र्याने, बोटभर. पिवळे तुकडे फरशीवर पडत होते.

"अकरा मिनिटं झाली," संयोगिता म्हणाली.

त्याने रेक्झिन ओढून घेतलं, उसवलेली बाजू तिथेच आत दुमडली आणि पट्टे पुन्हा बांधले.

"सोडा."

संयोगिताने हात काढले. डोकं मागे टेकलं आणि तिथेच राहिलं. हनुवटी वर होती. ब्याण्णव. रामलिंग त्या आकड्याकडे बघत गुडघ्यांवर उभा राहिला. ब्याण्णव. बाहेर पंख्याचं विमान सुरू झाल्याची घरघर ऐकू यायला लागली. त्र्याण्णव. संयोगिताने बाकावरचा कागद उचलला, घड्याळ पाहिलं आणि दहा मिनिटं पूर्ण व्हायच्या आतच सही केली.

"एवढं जाड कशाला केलतं, काका?" तिने पाटी परत लावत विचारलं.

"सवय," रामलिंग म्हणाला. "लई दिवस टिकावं म्हणून करतो आमी."

खुर्ची तिनेच ढकलली. रामलिंगने मागे वळून फरशीवरचे फोमचे तुकडे पाहिले. दुसऱ्याच्या जागेत घाण करून जाणं त्याला बरं वाटेना, म्हणून त्याने ते भराभर गोळा केले आणि कचऱ्याचा डबा शोधत धावत गेला. डबा दिसला नाही. तुकडे तसेच खिशात कोंबून त्याने बॅग पाठीला लावली आणि तो विमानाकडे निघाला.

जागेवर पट्टे पुन्हा बांधले गेले. त्याने एकदा, दोनदा, पाचदा मागून हात फिरवून पाहिलं. मग त्याला हात काढून घ्यावाच लागला. विमान पळायला लागलं तेव्हा त्याने खिडकीकडे पाहिलं नाही. तो फक्त लेकीच्या मानेकडे बघत होता. चाकांनी जमीन सोडली तेव्हा डोकं इंचभर सरकलं, पण टेकूच्या बाहेर गेलं नाही. ब्याण्णव. खाली उसाची शेतं तिरकी झाली आणि मग सरळ झाली. त्र्याण्णव.

"अप्पा."

"बोलू नगंस. दम लागंल."

"फोम टाकलासा?"

त्याची बोटं पुन्हा तिच्या मानेकडे जायला शिवशिवत होती, त्यामुळे ती काय विचारते हे त्याला क्षणभर कळलं नाही.

"न्हाय. खिशात हाय."

विद्याश्रीने डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न केला. एक पापणी अर्ध्यावर थांबली. तिने श्वास घेतला, आणखी एक घेतला आणि मग तेवढ्या श्वासात बसतील इतकेच शब्द निवडले.

"टाकू नगा. येताना परत भरायचा हाय."

रामलिंग तिच्याकडे बघत राहिला. तिची पापणी पडली. श्वास चालू होता. त्याने खिशात हात घातला, एक जाडसा तुकडा चाचपडून धरला आणि अंगठ्याने जोरात दाबला. मग अंगठा सोडला आणि वाट पाहिली. फोम वर आला.