पेटीतली जागा

"गुडघा आत घे, ताई. झाकण बसत नाहीये."

"गुडघा आतच आहे. आठ वर्षांत मीच चहूबाजूंनी बाहेर आलेय."

भाऊ हसला. खरंखुरं, पोटातून. ते हसू ऐकून ताईनं श्वास ओढून घेतला, मान छातीशी नेली आणि झाकण बसलं.

भावाला सगळे प्रोफेसर म्हणत. होता तो लिफ्टमन. एका सातमजली कचेरीत, लिफ्टच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्याची सत्तावीस वर्षं वरखाली झाली होती. सुटीच्या दिवशी मात्र तो काळा कोट चढवून शाळांतून, संमेलनांतून जादूचे प्रयोग करायचा. ताई त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीशी बसणारी. वडील सुतार. पेटी त्यांच्याच हातची. तिला सात फटी, सात तलवारी, आणि आत ताई.

या खेळात गुपित असं काही नव्हतंच. तलवारींना धार नव्हती, पण टोकं अस्सल होती, कारण प्रेक्षकांतला एखादा शहाणा टोकाला बोट लावून बघायचाच. कुठली तलवार कितवी आणि कुठल्या फटीतून येणार हे ठरलेलं होतं. एक आली की ताईनं कंबर वळवायची, दुसरी आली की खांदा सोडायचा. क्रम चुकला नाही तर केसालाही धक्का लागत नसे.

सतराव्या वर्षी ती पहिल्यांदा आत बसली. पुढे स्थळं आली आणि गेली. "चारचौघांत पेटीत बसणारी मुलगी आमच्याकडे चालायची नाही," असं एका मुलाच्या आईनं तोंडावर सांगितलं. बाकीचे 'कळवतो' म्हणून गेले. भावानं कधी विचारलं नाही, आणि ताईनंही सांगितलं नाही. तोही तसाच राहिला. दोघांचा संसार म्हणजे दोन खाटा, एक स्टोव्ह आणि ती पेटी.

आठ वर्षांपूर्वी कुणीतरी पडद्याआडून मोबाइलवर त्याचा प्रयोग टिपला. पत्ता बाहीत कसा जातो, रुमाल कुठून निघतो, सगळं उघडं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये लोक त्याच्या समोरच ते बघून खिदळत होते. प्रोफेसरांनी मुकाट्यानं प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या मजल्यावर सोडलं, घरी येऊन पेटीवर चादर टाकली आणि त्या विषयाला कायमचं कुलूप लावलं. ताई त्या पेटीवर कपड्यांना इस्त्री करू लागली.

आणि मग गेल्या महिन्यात लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत कुणा कारकुनाची पाच-सहा वर्षांची मुलगी होती. रडून रडून तिचा श्वास कोंडायला लागला. प्रोफेसरांनी शर्टाचं बटण तोडलं आणि ते तिच्या कानातून काढलं, कोपरातून काढलं, मुठीतून नाहीसं केलं. चाळीस मिनिटांनी दार उघडलं तेव्हा पोरगी बाहेर यायला तयार नव्हती.

"बोटं विसरली नाहीत गं, ताई!" घरी येताच त्यानं इस्त्रीचे कपडे उचलून खाटेवर भिरकावले. "एकही बोट विसरलं नाही!"

ताईला त्या दिवशी आनंद झाला. पण त्याच आठवड्यात तिला ते दिसलं. तो जेवून उठला तेव्हा ताटाची उजवी बाजू लख्ख होती आणि डावीकडचं वाढलेलं जसंच्या तसं. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटायचा. डाव्या हाताला ठेवलेली पाण्याची लोटी तो घरभर शोधायचा.

ती दिवसातून तीस वेळा 'नेत्रविभाग, खोली नऊ' लिहीत असे. खिडकीपलीकडून येणारी वाक्यं तिला पाठ होती. 'बाई, एका बाजूचं जगच येत नाही हो.'

"डोळे दाखवून ये एकदा," ती म्हणाली.

"चष्म्याचा नंबर वाढलाय. बाकी काही नाही. पेटी पुसलीस का?"

आता सरावाला ती आत बसली होती आणि तिसरी तलवार फट शोधत होती. डावीकडची फट. लाकडावर टोक खरवडत होतं, उंदरानं कुरतडावं तसं. ताईनं आतून टकटक केलं.

"काय ठोकतेस?"

"फट इथं आहे म्हणून सांगतेय."

"मला सांगावं लागत नाही," तो चिडून म्हणाला. टोक सर्रकन आत आलं आणि तिच्या कानाजवळून गेलं.

त्याच वेळी नाही म्हणायला हवं होतं. परक्यांना बोट करून खोली दाखवणारी ती, पण घरच्या माणसासमोर तिची जीभ रेटेना. आठ वर्षं तो मुक्यासारखा जेवला होता. आता शिट्टी वाजवत दाढी करत होता.

प्रयोग त्याच्याच इमारतीत होता, कर्मचाऱ्यांच्या संमेलनात, दुपारी चार वाजता. आठ वर्षांपूर्वी खिदळणारे पुढच्याच रांगेत होते. प्रोफेसर रंगात आले. रुमाल, पत्ते, पाण्याचा पेला, सगळं सोन्यासारखं झालं. लोक खुर्च्यांच्या कडेला आले. मग पेटी.

पहिली तलवार आली. दुसरी आली. तिसरीचं टोक लाकडावर फिरू लागलं. ताई अंधारात वाट पाहत होती. खरवडणं वर गेलं, खाली आलं, थांबलं. त्याला एक फट सापडली. पण ती पाचवीची होती, आणि ताईचा दंड नेमका तिथं टेकला होता.

ओरडावं तर सगळं संपलं. तिनं ओठ दातांत धरला, दुसऱ्या हातानं टोक पकडून दंडातून सोडवलं आणि पाठीमागून पुढे सरकवून दिलं. अजून चार बाकी होत्या. प्रत्येकीचं टोक तिनं हातानं चाचपून घेतलं आणि स्वतः वाट करून दिली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. झाकण उघडलं तेव्हा ती लाल शाल खांद्यावरून लपेटून उभी राहिली आणि हसली. नमस्कार मात्र एकाच हातानं केला.

जुन्या फायलींच्या खोलीत त्यांना कपडे बदलायला जागा दिली होती. ताई मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला बसली आणि दातांनी रुमालाची गाठ आवळू लागली. एवढं सगळं हातभर अंतरावर चाललं होतं, पण त्याला काही दिसलं नाही.

"बघितलंस त्यांची तोंडं? सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या महिन्यात मोठ्या सभागृहात करा. मी हो म्हटलंय."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि गाठ पुन्हा दातांत धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढली आणि पट्टी बांधलेला दंड त्याच्यासमोर धरला. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात तीन टाके पडले होते.

त्यानं पट्टीवरून बोट फिरवलं.

"कितवी?"

"तिसरी. पाचवीच्या फटीतून."

"डोळे दाखवून चार महिने झाले," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. राहिलंय तेही किती दिवस, सांगता येत नाही. तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बसलीस कशाला?"

ताईनं कपबशा उचलल्या, विसळल्या, हात पुसले. मग ती पेटीजवळ गेली आणि झाकण वर केलं.

"सेक्रेटरींना हो म्हटलंयस ना? मग चल. आत बस."

"मी?"

"तू पहिल्यापासून काडीपैलवान. सहज मावशील. आत डोळ्यांचं काम नसतं. तलवारी मी घालीन."

तो हसायला गेला, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. एक पाय आत, मग दुसरा. गुडघे दुमडताना तो कण्हला. ताईनं झाकण लावलं, कडी घातली आणि पहिली तलवार उचलली. एवढ्या वर्षांत तिनं ती पुसली होती, उचलून ठेवली होती, पण मुठीत कधी धरली नव्हती. वजन मनगटातून खांद्यापर्यंत चढलं. टाके ओढले गेले तरी हात खाली घ्यावासा वाटेना. असं काही आपल्याला आवडेल, हे तिला कधी वाटलं नव्हतं.

"ताई," पेटीतून आवाज आला, लहान झालेला. "फार अंधार आहे गं इथं."

"असतो."

"तू इतकी वर्षं..."

"पहिली उजवीकडून येईल. कंबर वळव. आणि मी सांगेपर्यंत हलू नकोस."

डावीकडच्या फटीतून त्याची दोन बोटं बाहेर आली. उजेड कुठे आहे ते चाचपत असावीत तशी ती हवेत हलली.

तलवार उगारून ताई उभी राहिली. बोटं आत जाईपर्यंत तिनं वाट पाहिली.