दुखणं पिणारा दगड

सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते आणि शीतलबाबांच्या हॉलबाहेरची रांग पार झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेली होती. कुणी कपाळ ओढणीनं करकचून बांधलेलं, कुणी काळा चष्मा लावून भिंतीला टेकलेलं. सगळे डोकेदुखीनं गांजलेले. आत पडदे ओढलेले, पंखा मंद. बाबा माणसाला चटईवर आडवं करायचे, जिभेवर चिमूटभर पूड ठेवायचे आणि कपाळावर एक काळा गुळगुळीत दगड.

"डोळे मीट, बाळा. हलू नकोस. तुझ्या डोक्यात अकरा गाठी आहेत, दगड एकेक पिणार. मध्येच घाई केलीस तर तो अर्ध्यावर थुंकेल, मग मला बोल लावायचा नाही!"

तासाभरानं दगड पाण्याच्या परातीत सोडला की पाणी लालभडक व्हायचं. "बघ, सगळं दुखणं बाहेर आलं!" माणूस उठून बसायचा आणि खरंच त्याचं डोकं दुखायचं थांबलेलं असायचं. रांगेत हुंदके फुटायचे.

त्या रांगेत एक शिंपीण उभी राहायची. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. तिची थोरली बहीण औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती, आणि ही गोष्ट त्या थोरलीची आहे.

धाकटीला सोळाव्या वर्षापासून अर्धशिशी. आधी डोळ्यापुढे चमकणारी नागमोडी रेघ यायची, मग अर्ध्या डोक्यात घण सुरू. उजेड नको, आवाज नको, पोटात पाण्याचा थेंब ठरत नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासून, रक्तदाब बघून गोळी लिहून दिली होती. थोरलीनं सूचना स्वतःच्या हातानं लिहून शिलाई मशीनजवळ चिकटवल्या होत्या : डोकं दुखायला लागताच एक गोळी. दिवसाला दोनच्या वर नाही. महिन्यात आठ-नऊ दिवसांच्या वर नाही. दुसरं कुठलंही औषध बाईंना विचारल्याशिवाय नाही.

पण धाकटीला गोळ्यांची सवय लागण्याची धास्ती. "बघू, आपोआप थांबेल," म्हणत ती तास-दोन तास काढायची आणि जीव नकोसा झाला की गोळी घ्यायची. उशिरा घेतलेली गोळी कशी लागू पडणार? तिनं गोळीलाच नावं ठेवली. मग कुणीतरी बाबांचा पत्ता दिला. पहिल्याच दिवशी आराम पडला आणि सोबत पुड्या मिळाल्या, रोज एक घ्यायला.

घरी जेवताना तिनं हरखून सांगितलं. थोरली सगळ्यांदेखत खो खो हसली.

"दगडानं दुखणं प्यायलं? अगं, त्याच्यापेक्षा तुझंच डोकं दगडाचं म्हणायला हवं!"

सगळे हसले. धाकटीही हसली. पण त्या दिवसापासून तिनं बाबांचं नाव घरात काढलं नाही.

पुड्या मात्र चालूच होत्या. पूर्वी महिन्यातून तीनदा दुखणारं डोकं आता रोज सकाळी दुखायला लागलं. बाबा म्हणाले, "गाठी सुटताना दुखणारच. दोन पुड्या घे." तिनं दोन घेतल्या, मग तीन. शाळेच्या गणवेशांची घाई अंगावर होती. एके दिवशी सकाळी पुड्या घेऊनही डोकं उठलं, तेव्हा तिनं दुपारी डॉक्टरीणबाईंची गोळी घेतली आणि तासा-दोन तासांनी आणखी एक.

संध्याकाळी उजव्या हाताला मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी बोटं पांढरी आणि बर्फासारखी गार. ती थोरलीच्या दुकानात आली.

"कात्री फार चालवली असशील," थोरली म्हणाली. काउंटरवर गर्दी होती. "गोळीशिवाय काही घेतलंस का? का अजून दगडाला डोकं पाजतेयस?"

शेजारचं गिऱ्हाईक हसलं. धाकटीनं मान खाली घातली. "नाही गं. काही नाही."

असे आणखी दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी बोटांची टोकं निळी-काळी पडली, तेव्हा कुठे धावाधाव करून तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी मनगटाची नाडी चाचपली. लागत नव्हती. "या गोळीखेरीज काय घेत होतात?"

धाकटीनं आधी थोरलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "काही नाही."

ती नजर थोरलीच्या काळजात रुतली. आपली बहीण आपल्याला भिते आहे. हात जायची वेळ आली तरी दुखण्यापेक्षा आपल्या हसण्याला जास्त भिते आहे. थोरली उठून बाहेर गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.

पाच मिनिटांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात धाकटीनं काढून दिलेली कागदाची पुडी होती. थोरलीनं ती खिडकीशी उलगडली. पुडीत गोळीचा नीट न कुटलेला एक तुकडा होता. एक बाजू गोल, मधोमध अर्धी रेघ. सतरा वर्षं काउंटरवर उभी असलेली बाई ती गोळी ओळखणार नाही तर कोण? अर्धशिशीवरचंच जुनं औषध होतं ते, रक्तवाहिन्या आवळणारं. सोबत साधी वेदनाशामकं. पुढे प्रयोगशाळेनं तेच लिहून दिलं.

"रोज घेतलं की या औषधानंच रोज डोकं दुखतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि माझी गोळीही रक्तवाहिन्या आवळते. ही दोन औषधं एका दिवसात कधीच घ्यायची नसतात. पहिल्या दिवशी कळलं असतं तर..."

धाकटीची उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली.

औषध निरीक्षकांना घेऊन थोरली बाबांच्या हॉलमध्ये गेली तेव्हा रांग तशीच होती. आतल्या खोलीत गोळ्यांचे डबे आणि मिक्सर सापडला. तरी बाबा डगमगले नाहीत. "औषध कुणीतरी आणून ठेवलं! दगडाची शक्ती तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे!"

थोरलीनं रस्त्यावरचा एक दगड उचलून आणला, पर्समधल्या बाटलीतली पांढरी पूड त्यावर चोळली आणि तो परातीत सोडला. पाणी लालभडक झालं.

"ही पूड पूर्वी जुलाबासाठी द्यायचे," ती म्हणाली. "पाण्यात धुण्याचा सोडा असला की ती लाल होते. यांच्या परातीत तो आधीच टाकलेला आहे."

कुणीतरी ओरडलं, "खोटारडी!" एक म्हातारी रडवेली होऊन पुढे आली. "पण बाई, मला बरं वाटतं ना! ते काय खोटं?"

पूर्वीची थोरली इथे हसली असती. आता तिनं म्हातारीचा हात हातात घेतला आणि आधी तिची बोटं गार आहेत का, ते पाहिलं.

"खोटं नाही, आजी. अंधारात तासभर निवांत पडलात, पोटात औषध गेलं, म्हणून बरं वाटलं. गुण गोळीचा होता. यांनी फक्त त्या गोळीचं नाव लपवलं, किती घ्यायची ते लपवलं आणि धोका लपवला."

बाबांना घेऊन गेले. रांग हळूहळू पांगली. काही जण मात्र बंद दाराला हात जोडूनच निघाले.

धाकटीला अर्धशिशी अजून येते. रक्तवाहिन्यांना इजा झाल्यामुळे डॉक्टरीणबाईंची ती गोळी, वेळेवर घेतली असती तर गुण देणारी, आता तिला चालत नाही. दुसरं औषध आहे, पण त्याला वेळ लागतो. तोवर ती अंधाऱ्या खोलीत पडून असते आणि थोरली ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसत बसते. एकदा थोरलीनं विचारलं, "मला का नाही सांगितलंस गं?"

"तू खरं बोलत होतीस, ताई," धाकटी डोळे मिटूनच म्हणाली. "पण तिथे मला कुणी हसत नव्हतं."

म्हणून सांगायचं ते इतकंच. दगड दुखणं पीत नाही. बिननावाची पुडी जिभेवर ठेवू नका. डॉक्टरांनी दिलेली गोळी दिलेल्या वेळी आणि दिलेल्या मापातच घ्या, आणि आणखी जे काही घेत असाल, पूड, काढा, शेजारणीची गोळी, ते सगळं त्यांना सांगा. आणि घरातलं कुणी असं काही घेतल्याचं सांगायला आलं, तर त्याला खुर्ची द्या, पुडी मागून घ्या आणि त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐका.