इवर्टच्या खाडीतले अकरा बास

माझी मुलगी आयोना हिने मासे मोजायला माझी होडी नाकारली आणि इवर्टची घेतली. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला औषध नव्हतं.

मी चाळीस वर्षं टॅमरॅक तळ्यावर वाटाड्या आहे. सीमेपलीकडून अमेरिकन पाहुणे येतात, मी त्यांना होडीत घालतो, मासे दाखवतो. कुठल्या खडकाखाली कोण बसलाय हे मला माझ्या खिशातल्या वस्तूंसारखं ठाऊक. आणि इवर्ट? इवर्ट शाळेची बस चालवतो. एकटा जीव, लग्न नाही, रविवारी चर्चमध्ये बेसूर गातो आणि स्वतःच्या हाताने लोण्या-साखरेचे गोड टार्ट भाजतो. तळ्याच्या पुलापलीकडच्या खाडीवर त्याचं घर आहे, म्हणून सगळे तिला इवर्टची खाडी म्हणतात. माझ्या नावाचा या तळ्यात साधा दगडही नाही.

आयोना किंग्स्टनच्या विद्यापीठात शिकते. तिचा विषय म्हणजे बास माशाची वीण. मे महिन्यात पाणी जरा कोमट झालं की नर बास तळाशी शेपटीने वाळू-गोटे झाडतो आणि झाडाला आळं करावं तसं गोल घरटं करतो. मादी येते, अंडी घालते आणि निघून जाते. पुढे सगळं बापाच्या गळ्यात. तो खात नाही, हलत नाही, जो जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतो. म्हणून तर त्या दिवसांत त्याला पकडणं सोपं. गळ भुकेने नाही, रागाने धरतो तो. सरकारने त्यासाठीच जूनच्या चौथ्या शनिवारपर्यंत बासवर बंदी घातलीय.

आता खरं सांगायचं तर आमच्याकडे ही बंदी पाळायची एक रीत होती. पाइक मासा धरायला मेमध्ये परवानगी असते. तेव्हा पाइकच्या नावाने निघायचं, बासच्या घरट्यावर गळ टाकायचा, लागला की ‘अरे, चुकून लागला’ म्हणायचं, फोटो काढायचा आणि हळूच पाण्यात सोडायचा. मी आयुष्यभर तेच केलं. एक मासा मारला नाही. ओल्या हाताने धरायचा, पोटाला आधार द्यायचा, त्याने श्वास घेतला की सोडायचा. सोडला म्हणजे काय बिघडलं?

हेच मी आयोनाला एप्रिलमध्ये जेवताना म्हणालो.

“तेच तर मोजायचंय, बाबा,” ती म्हणाली. “बाप पाच मिनिटं नसला तर अंड्यांचं काय होतं. आणि त्यामुळे तळ्यातले बास कमी होतात की नाही. यावर मोठमोठ्यांची भांडणं आहेत. कुणी म्हणतं, दहा घरटी जगली तरी तळं भरतं. मला एक खाडी हवीय, जिथे कुणीच गळ टाकलेला नाही.”

“मग चल माझ्याबरोबर. मी दाखवतो घरटी.”

ती ताटाकडे बघत राहिली. “मी इवर्टकाकाला विचारलंय. त्याच्या खाडीत एकोणीस वर्षं त्याने कुणाला मेमध्ये फिरकू दिलं नाही.”

“मलाच हाकललं होतं त्याने!”

“हो. म्हणूनच.” मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. तो मला जास्त झोंबला. “बाबा, तू फक्त त्या खाडीत येऊ नकोस. एवढंच कर माझ्यासाठी.”

बायको व्हर्ना भांडी विसळत होती. “गार्नेट, तोंड मिट, माशी जाईल,” ती म्हणाली.

मग रोजचं सुरू झालं. सकाळची बस सोडून इवर्ट दहाला यायचा, आणि येऊन येऊन कुठे, तर माझ्याच धक्क्याला होडी लावायचा. आयोना तोंडात हवेची नळी, डोळ्यांवर काच आणि अंगात तो रबरी पोशाख अशी तयारच असायची. हा पठ्ठ्या तिला हात देऊन होडीत घ्यायचा. डब्यात टार्ट. दोघं हसत जायची. पाण्यावरून हसणं फार लांब ऐकू येतं, हा तळ्याचा दोष आहे. मी धक्क्यावर उगाच दोऱ्या गुंडाळत बसायचो. एकदा ती घरी येऊन म्हणाली, “इवर्टकाका किती हळू होडी धरतो! एक घरटं ढवळत नाही.” मी त्या तळ्यावर तिला होडी धरायला शिकवली होती. ती सात वर्षांची होती. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती मंगळवार ते गुरुवार विद्यापीठात गेली. तोवर त्रेसष्ट घरटी मोजून झाली होती. प्रत्येकाशेजारी तिने नंबर घातलेली पांढरी फरशी ठेवली होती.

मंगळवारी सकाळी सातला मी होडी काढली. इवर्ट त्या वेळी बस घेऊन पोरं गोळा करत असतो. मी स्वतःला सांगितलं, मी पोरीच्या अभ्यासालाच मदत करतोय. काही बास काढीन, थोडा वेळ धरीन, सोडीन. ती परत येईल, मोजेल, सगळं जिथल्या तिथे असेल. मग जेवताना सांगीन, हे बघ, तुझ्या इवर्टकाकाच्या पवित्र खाडीतले इतके बास तुझ्या बापाने काढले आणि परत घातले. काय बिघडलं? असा सगळा बेत. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं.

तीन सकाळी मिळून मी अकरा काढले. हात माझा चांगला आहे, त्याला मी तरी काय करू? प्रत्येक बास नीट धरला, नीट सोडला. एक सोडून सगळे डोळ्यांदेखत घरट्याकडे परत गेले.

आणि तरीही जे पाहिलं ते सांगतो. पाणी काचेसारखं होतं. बाप वर आला की हातभर अंतरावर घोटाळणारे ते चपटे, तळहाताएवढे सनफिश खाली अंड्यांवर झेपावले. डोकी खाली, शेपट्या वर, दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांसारखे. मी ते पहिल्याच माशाला पाहिलं. आणि दुसरा काढला.

शुक्रवारी संध्याकाळी आयोना खाडीवरून परत आली ती ओल्या केसांनीच. “कुणीतरी गळ टाकलाय. अकरा घरटी विसकटलीत. नऊ पार रिकामी. दोन बापांच्या जबड्याला ताजी भोकं आहेत. वर्षाचं काम गेलं, आई! आता ती खाडी अस्पर्शित म्हणून लिहिताच येणार नाही.”

व्हर्नाने माझ्याकडे पाहिलं. मी बटाटा सोलला.

शनिवारी इवर्ट दहाला आला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होतो. ती दोघं धक्क्यावर उभी राहून बोलली. मग आयोना मागे सरली, जणू त्याने तिला ढकललं. तो टोपी हातात घेऊन उभा होता. होडी एकट्यानेच घेऊन गेला.

ती आत आली आणि खुर्चीत बसली. “इवर्टकाका म्हणाला, ‘गळ मीच टाकला.’ ‘एकोणीस वर्षं राखण केली, म्हातारपणी हात शिवशिवले’ म्हणे.” मग म्हणाली, “बाबा, सोमवारपासून तू येशील का? उरलेली घरटी तरी मोजू.”

लाज वाटते, पण सांगतो. माझ्या मनात आधी काय आलं? इवर्ट खोटं का बोलला, हे नाही. पोरीचं वर्ष गेलं, हेही नाही. आधी आलं ते हे, की ती माझ्या होडीत येणार. मी त्या रात्री छान झोपलो.

रविवारी चर्चनंतर त्याच्या अंगणात गेलो. तो बस धूत होता.

“का बोललास तसं?” मी विचारलं.

“पुलावरून जाताना दिसतं सगळं. बसची खिडकी उंच असते.” तो फडकं पिळत होता. “तुझी हिरवी होडी तिन्ही दिवस दिसली. मागे बावीस पोरं, थांबणार कुठे? परत येईतो तू गेलेला. म्हटलं, आपणहून सांगेल तिला.”

“पण नाव स्वतःचं का घेतलंस?”

“अरे, माझं काय जातं? उन्हाळ्यापुरती ओळख. पुढच्या वर्षी विसरेल.” त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “तुझी ती मुलगी आहे, गार्नेट. तुझं जे जाईल ते परत यायचं नाही.”

मी त्याला धन्यवाद द्यायला हवे होते. माझ्या तोंडून निघालं, “तुझी भीक नकोय मला!”

“भीक कसली? टार्ट घेऊन जा, व्हर्नाला आवडतात.”

मी टार्ट घेतले नाहीत. वाटेत गाडीत एकटाच ओरडत होतो. बासची राखण यानेच करायची, मुलीचा विश्वास यानेच कमवायचा, आणि आता माझी मुलगी मला द्यायची तीही यानेच! थोर होण्याची सोयसुद्धा मेल्याने माझ्यासाठी ठेवली नाही.

सोमवारी आयोना माझ्या होडीत बसली. मी मोटर बंद करून वल्ह्याने होडी इतकी हळू सरकवली की पाण्यावर रेघ उठली नाही. ती म्हणाली, “बाबा, किती छान धरतोस.” हेच ऐकायला मी दीड महिना मरत होतो. ऐकलं, आणि घशाखाली उतरेना.

तळाला काच बसवलेली बादली तिने माझ्याकडे दिली. “हे बघ. एक्केचाळीस.”

मी बादली पाण्यावर टेकवून पाहिलं. मोठा बास होता, मी ओळखला. खाली फक्त गोटे. एक अंडं नाही. आणि तो कल्ल्याजवळचे पर हलवत गोट्यांना वारा घालत होता, एक सनफिश लांबवर दिसला तर त्याच्यावर धावून परत जागेवर येत होता.

“त्याला कळलेलंच नाही अजून,” आयोना म्हणाली. “दोनेक दिवसांत जाईल सोडून. आणि तो माणूस माझ्या शेजारी बसून टार्ट खात होता, बाबा. मी त्याला सगळं सांगितलं होतं, कुठलं घरटं कधीचं. असा दुष्टपणा! मला त्याचं तोंडसुद्धा बघायचं नाही.”

आता मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? इतके दिवस मला हेच हवं होतं. पण ती इवर्टला शिव्या देत होती आणि प्रत्येक शिवी माझ्या मापाची होती. शिवाय उद्या, परवा, वर्षानुवर्षं ती माझ्या होडीत बसली तरी इवर्टने बसवलेली म्हणून बसणार होती. ते मला सहन होईना. पुढे जे केलं त्यात सचोटी किती आणि हा जळफळाट किती, हे मला विचारू नका. मला माहीत आहे.

“इवर्टने नाही टाकला गळ,” मी म्हणालो. “मी टाकला.”

ती हसली. मग तिने माझं तोंड नीट पाहिलं आणि हसू विरलं. मला वाटलं रडेल, ओरडेल. मी तयार होतो. तिने पिशवीतून लिहायची पाटी आणि पेन्सिल काढली.

“नंबर सांग.”

“आयोना, ऐक तर...”

“नंबर. कुठलं घरटं, कुठल्या दिवशी, बाप किती मिनिटं घरट्यावर नव्हता.”

मी सांगितलं. माझ्या हाताला लागलेला मासा मी विसरत नाही. अडतीस, मंगळवार, चार मिनिटं. पन्नास, बुधवार, सहा. ती लिहीत गेली. मधे एकदाही मान वर केली नाही. एखाद्या परक्या माणसाची जबानी घ्यावी तशी.

“एक्केचाळीस?”

“गुरुवार. चौदा मिनिटं.”

पेन्सिल थांबली. “चौदा का?”

“मोठा होता. लांबी मोजली. मग होडीतल्या पाण्याच्या टाकीत ठेवला.” मला नीट सांगता येईना. “तुला दाखवावासा वाटत होता.”

“मी किंग्स्टनला होते.”

“ठाऊक आहे.”

तिने तेही लिहिलं की काय, मला दिसलं नाही. पाटी पिशवीत घातली. “मला इवर्टकाकाच्या धक्क्यावर सोड.”

“घरी जेवायला...”

“बाबा, सोड.”

मी सोडलं. मीच होडी नेली, धक्क्याला लावली, दोरी धरली. हात पुढे केला, तो तिने घेतला नाही, खांब धरून उतरली. इवर्ट दारात आला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. आयोना चढण चढत गेली आणि काही न बोलता त्याच्या छातीला डोकं टेकून रडायला लागली. त्याला बिचाऱ्याला हात कुठे ठेवावे कळेना.

खरं बोललं की माणूस हलका होतो म्हणतात. मी होडी ढकलली आणि खाडीच्या मधोमध जाऊन थांबलो. तिथूनही ते हात मला दिसत होते. एव्हाना त्याने ते तिच्या पाठीवर ठेवले होते.