फळ्यावरचा नमुना

'मान्य' ह्या शब्दाखाली एक बारीक तिरकी रेघ होती — नखाएवढी, उजवीकडे उतरत गेलेली. काशीराम गुरुजींना आधी वाटलं, केस असावा; त्यांनी फुंकर घातली. रेघ हलली नाही. खालच्या कागदावरही ती होती, तिथेच, तेवढीच. त्याच्या खालच्यावरही... छपाईचा दोष म्हणावा तर एकावर ती निळी होती, एकावर काळी, आणि एकावर चक्क हिरवी, कारण कुणीतरी पोराच्या दप्तरातलं स्केचपेन वापरलं होतं. म्हणजे ती काढलेली होती. एकशे सत्त्याऐंशी पालकांनी आपापल्या हातानं, जपून, न विसरता काढलेली.

शनिवारची शाळा सकाळीच सुटली होती. ऑफिसात पंखा होता, समोरच्या भिंतीवर सुविचाराचा छोटा फळा होता — आजचा सुविचार शिपाई पुसून गेला होता — आणि टेबलावर पालकांच्या मतांच्या फॉर्मांचा हा गठ्ठा. पाच वाजता प्रणित येणार होता. प्रणित म्हणजे संस्थेचा अध्यक्ष, त्यांचाच विद्यार्थी. तो यायच्या आत गुरुजींना दोन ओळींच्या एका पत्रावर सही करायची होती : 'पालकांना नियमावलीतील बदल समजावून सांगितले व त्यांचे मत मोकळेपणाने घेतले.' हे पत्र जोडल्याशिवाय धर्मादाय कार्यालयात अर्ज पुढे जाणार नव्हता; आणि अर्ज मंजूर झाला की नऊ विश्वस्तांत पाच पालक असलेच पाहिजेत, हा मिठागरवाल्यांनी शाळा बांधली तेव्हापासूनचा नियम जाणार होता. त्या पाचांच्या जागी बाहेरचे जाणकार येतील. पालकांची एक सल्लागार समिती असेल. ती सल्ला देईल.

तीन वर्षांपूर्वी पहिलीचा मराठी वर्ग बंद करायचा ठराव आला होता, तो ह्याच पाच हातांनी पाडला. तो वर्ग गुरुजी अजून रोज सकाळी घेतात, निवृत्तीला सोळा वर्षं झाली तरी, एका कप चहावर. पोर पहिल्यांदा स्वतःचं नाव वाचतं आणि दचकून वर बघतं — हे कुणी लिहिलं, माझं नाव ह्याला कसं कळलं — त्या एका दचकण्यासाठी. पाच हात गेले की तो वर्ग किती दिवस राहील, हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी...

रेघ. रेघ खडूची होती. आता आठवलं.

गेल्या रविवारी सभा पहिलीच्याच वर्गात होती. पालक, बहुतेक त्यांचेच जुने विद्यार्थी, बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून बसले, आणि गुरुजींच्या तेव्हाच लक्षात आलं होतं की जो तो नकळत आपापल्या जुन्या जागेवर जाऊन बसलाय. तासभर त्यांनी समजावलं. मग फॉर्म वाटले. मागच्या बाकावरून भगवान — न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, कानशिलावरचे केस पिकलेले — ओरडला, "गुरुजी, चुकलं तर हात पुढं करायचा काय?" सगळे हसले. गुरुजीही हसले.

"आमी काय सांगनार गुरुजी?" जनी म्हणाली. ती करंज्याच्या बंदरावरून मासळी आणून बाजारात बसते. तिचा नातू दुसरीत आहे. "तुमी फळ्यावर लिवा, आमी बघून लिवतो."

"अगं, मत तुझं पाहिजे. माझं नाही."

"तुमचं नि आमचं येगलं हाय काय?"

तेव्हा, फक्त कुठे काय लिहायचं ते दाखवायला, त्यांनी फळ्यावर लिहिलं : मला हे बदल मान्य आहेत. कारण शाळेची प्रगती होईल. 'मान्य' लिहिताना खडू मोडला आणि खाली घसरला. हा नुसता नमुना आहे, असं ते म्हणाले... म्हणाले ना? वळून बघतात तर सगळी डोकी खाली. भुरकी, टकली, पदर घेतलेली. पेनांची कुरकुर. आणि त्या क्षणी — हे कुणाला सांगता येणार नाही — काय गोड वाटलं होतं ते. किती वर्षांनी तो वर्ग पुन्हा भरला होता. ते बाकांमधून फिरलेसुद्धा. भगवानच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "ओळीवर लिही."

त्यांनी आणखी एक कागद उचलला, आणखी एक. 'शाळेची'मधल्या 'ळ'चं पोट खाली लोंबलेलं, गुरुजी काढतात तसं. वेलांटीचा शेपटा आखूड, गुरुजींसारखा. घरातली एकेक खोली उघडावी आणि प्रत्येक खोलीत आपणच पाठमोरे बसलेले दिसावं... एकशे सत्त्याऐंशी खोल्या. मीच विचारलं आणि मीच उत्तर दिलं. मग ह्या सगळ्यांच्या आत जे कोणी होतं ते कुठे गेलं? मी त्यांना लिहायला शिकवलं की त्यांच्या जागी मीच जाऊन बसलो?

आणि 'आहेत' का? 'नाहीत' लिहिलं असतं तरी नमुना नमुनाच राहिला असता. प्रणितनं मोबाइलवर नव्या इमारतीचा नकाशा दाखवला होता. तळमजल्यावर वाचनालय, त्यावर गुरुजींचं नाव. मी काही बोललो नव्हतो. हातानं ऐकलं असेल.

विमान गेलं. तावदानं थरथरली, त्याची सावली मैदानावरून खिडकीतून आत आली, गठ्ठ्यावरून संथपणे सरकली आणि ती गेल्यावर अगदी तळाचा कागद थोडा बाहेर आलेला दिसला. त्यावर नाव नव्हतं. रेघ नव्हती. अक्षरं सगळी डावीकडे कललेली, वाऱ्यानं गवत झुकावं तशी.

'मला अजून कोणी विचारलेलं नाही.'

जनी डावखुरी होती. पहिलीत तिचा डावा हात त्यांनी रुमालानं बाकाला बांधला होता — मायेनंच, रोज तासभर, तीन महिने. ती रडली नाही, तिनं एकदाही हात ओढला नाही. दुसऱ्याच कुणाच्या पोराला शिक्षा व्हावी तशी त्या हाताकडे बघत राहायची. मग उजव्या हातानं सुरेख लिहायला लागली. गुरुजींनी घाईघाईनं गठ्ठा उपसला. जनीचा फॉर्म सापडला : सुरेख अक्षर, नाव, रेघ. सगळं होतं. मग हा कुणाचा? त्यांनी नावं पडताळली. एकशे सत्त्याऐंशी वाटले, एकशे सत्त्याऐंशी नावांनिशी परत आले. हा एक जास्तीचा होता. आणि उरलेले कोरे फॉर्म तर त्यांच्याच ड्रॉवरमध्ये, किल्ली त्यांच्याच खिशात.

ते हसले. रिकाम्या खोलीत हसू फार मोठं ऐकू आलं.

मग, कसलाही विचार न करता, त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरा फॉर्म काढला, पेन डाव्या हातात धरलं आणि लिहिलं : म. अक्षर डावीकडे झुकलं, गवतासारखं. त्यांनी ते त्या कागदाशेजारी ठेवलं. बराच वेळ ते दोन्ही 'म'कडे बघत राहिले, आणि कुठला आधीचा ते त्यांना सांगता येईना.

बाहेर हॉर्न वाजला. जिन्यावर बूट वाजले.

"गुरुजी, झालं ना?" प्रणित दारातूनच म्हणाला. "सगळेच्या सगळे मान्य! ऐतिहासिक हो. तेवढी सही ठोका, खाली गाडी चालू ठेवलीय."

पत्र समोर होतं. गुरुजींनी सहीसाठी उजवा हात उचलायचा म्हटला, पण तो वर आला नाही. तो टेबलाखाली दोन गुडघ्यांच्या मध्ये घट्ट धरलेला होता; कुणी धरला होता कळत नव्हतं. ओढला असता तर सुटला असता बहुतेक. त्यांनी ओढला नाही. दुसऱ्याच कुणाचा असावा तसे ते त्याच्याकडे बघत राहिले.

"बरं वाटतंय ना, गुरुजी?"

पेन अजून डाव्या हातातच होतं. त्यांनी मान वर केली आणि समोरच्या फळ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपण वाट बघतोय... कुणीतरी लिहील, म्हणजे बघून लिहिता येईल. फळा कोरा होता. तो कोराच राहणार होता. पहिल्यांदा स्वतःचं नाव वाचणाऱ्या पोरासारखे ते दचकले — आणि ते भयच होतं, असं त्यांना छातीठोकपणे म्हणता येईना.