जाळीवरचा कचरा

"जाळी कुणी काढली?" गुडघाभर पाण्यात उभं राहून रमाकांतने विचारलं.

भोईवाड्यातल्या त्याच्या चाळीसमोरच्या मॅनहोलचं झाकण उघडं होतं. त्यात नवल नव्हतं. पाणी तुंबलं की चाळकरीच झाकण उचलतात, काठीला लाल फडकं बांधून ती आत खोचतात आणि मोठी समाजसेवा केल्याच्या थाटात चहाला जातात. म्हणून तर झाकणाखाली लोखंडी जाळी बसवायची, पोर पडलं तरी वरच अडकावं. पालिकेत मुकादम असलेल्या रमाकांतने अशा शंभरेक जाळ्या उभं राहून बसवून घेतल्या होत्या. रात्रपाळी करून तो परतला, तर स्वतःच्याच दारातली गायब. आणि साडेबाराला समोरची बालवाडी सुटणार होती.

वरच्या गॅलरीतून शेजारचा निलेश ओरडला, "काका, माझ्यावर भडकू नका हां! काकींनीच काढायला सांगितली."

रमाकांत तळमजल्यावरच्या आपल्या खोलीत शिरला. जाळी मोरीत उभी होती. त्याची बायको शांता बादलीने पाणी उपसत होती.

"काय करू मग? पिशव्या अडकतात तिच्यात, पाणी जातच नाही. आईंच्या अंथरुणाला लागलं होतं. एकटी कशी उचलू त्यांना?"

"आणि एखादं पोर गेलं म्हणजे?"

"एवढ्या वर्षांत कुणी गेलंय का?"

"इथून नाही गेलं." तो दारालाच टेकला. "दुसरीकडे गेलं होतं. मीच बाहेर काढलं. चार वर्षांची मुलगी. तुला बोललो नव्हतो."

शांताचा हात थांबला. खाटेवरून म्हातारी म्हणाली, "झिला, माझे पाय भिजले रे."

बायकोचं चुकलं म्हणावं, तर आईचे पाय खरंच ओले होते. कुणावर रागवायचं तेही कळेना, अंगात तेवढं त्राणही नव्हतं. त्याने टॉवेलने आईचे पाय कोरडे केले, जाळी उचलली आणि बाहेर नेऊन जागेवर बसवली. मग तिथेच वाकून तिच्यावरचा कचरा हाताने काढत राहिला. दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, एक चप्पल. काढावं तेवढं नवं येत होतं. पण पाणी घरात चढत नव्हतं. थोड्या वेळाने शांताने त्याला बसायला स्टूल आणून ठेवलं.

बालवाडी सुटली. रेनकोटातली एक चिमुरडी आईचा हात ओढून थांबली.

"आजोबा, तुमचं काय पडलं आत?"

"काही नाही गं," रमाकांत म्हणाला. "तू कडेकडेने जा."

ती वळणापर्यंत गेलेली पाहिली आणि त्याने पुन्हा पाण्यात हात घातला.