तीन मिलिमीटर

घड्याळवाल्यांच्या उजव्या डोळ्यात वर्षभरात तिसऱ्यांदा जंतूंनी ठाण मांडलं. भिंग लावायचा डोळा तोच, म्हणजे पोटापाण्याचा डोळाही तोच. डॉक्टरीणबाईंनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं गप्प बसवलं. पट्टी पंधरा मिलिमीटर भिजायला हवी होती. भिजली तीन.

"अश्रू म्हणजे नुसतं खारट पाणी नव्हे," बाई म्हणाल्या. "जंतूंचं कवच फोडणारी रसायनं असतात त्यात. लाळेत असतात, घामात असतात. शरीराचा फुकटचा पहारा. तुमच्या दारावर पहारेकरीच कमी पडलेत. भिंगातून बघताना पापणी लवत नाही ना तुमची?"

"लवली की स्क्रू हरवतो," घड्याळवाले म्हणाले.

बाईंनी दिवसातून चार वेळा घालायचे थेंब लिहून दिले. ते डोळा ओला ठेवतील, पहारा देणार नाहीत, तेव्हा हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही, असंही बजावलं.

घड्याळवाल्यांचं लक्ष मात्र कागदावर होतं. 'अश्रूंचे प्रमाण अत्यल्प.' खाली सही-शिक्का. त्यांना एवढा आनंद झाला की बाहेर बसलेले पेशंट बघत राहिले.

अकरा वर्षांपूर्वी आई गेली. सगळं घर रडत होतं आणि हे गृहस्थ स्टुलावर चढून तिच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ लावत होते; सात मिनिटं मागे पडलं होतं. मोठ्या बहिणीने दारातून पाहिलं. "दगड आहेस," एवढंच म्हणाली, आणि तेराव्या दिवसाची वाट न बघता घड्याळ उचलून आपल्या घरी घेऊन गेली. तेव्हापासून अबोला.

तर हे गृहस्थ कागद घेऊन थेट ताईच्या दारात. ताईने चष्मा लावून तो वरून खाली वाचला, मग खालून वर. तीस वर्षं शाळेत पेपर तपासलेली बाई ती.

"'त्रास दोन वर्षांपासून,'" तिने ओळीवर बोट ठेवलं. "आईला जाऊन अकरा झाली."

दोन वर्षं हा आकडा घड्याळवाल्यांनीच डॉक्टरीणबाईंना सांगितला होता.

"तेव्हा डोळे कसे होते?"

"ठणठणीत."

"मग?"

"काय करावं सुचत नव्हतं, ताई. मला तेवढंच येतं."

ताईने कागदाची घडी घालून परत दिला. भिंतीवर तेच घड्याळ चालू होतं, सात मिनिटं मागे. कुठलंही घड्याळ अकरा वर्षं आपणहून नेमकं सात मिनिटं मागे राहत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. किल्ली देताना कोणीतरी दर आठवड्याला ते तसं लावत होतं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

"थेंब कोण घालतं?" ताईने विचारलं.

"कोणी नाही. हिचा हात थरथरतो."

बायको मिणमिणत्या उजेडातही सुईत दोरा ओवते, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. ती हात धुऊन आली.

"मान वर कर."

थेंब उजव्या डोळ्यात एकच पडला. ताईने गाल मात्र दोन्ही पुसले.

"पुढचा कधी?"

"दोनला."

"मग दोनला ये. या घड्याळाच्या दोनला."

घड्याळवाल्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि सात मिनिटं मागे लावलं.